बंद टीव्हीतला माणूस

चहा अजून अर्धा कपात होता, तेवढ्यात दातांच्या डॉक्टरबाईंचा फोन आला आणि नमनाला थेंबभर तेलही न घालता त्या म्हणाल्या, "तो अजून आहे त्यात."

"कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? ज्याला काढायला सांगितलं होतं, तो. टीव्हीत दिसतोय."

"डॉक्टर, फिल्म टीव्हीवरच लावली असेल ना तुम्ही, म्हणून..."

"टीव्हीवर नाही हो, टीव्हीत! त्या फिल्ममध्ये आमचा जुना टीव्ही आहे ना कोपऱ्यात, बंद असलेला, त्याच्यात. हात पसरून बसलाय. मला नव्हतं दिसलं. भिंगरीला दिसलं."

भिंगरी ही त्यांची मुलगी. कागदावर तिला दुसरं चांगलं भारदस्त नाव आहे, पण घरात आणि दारात सगळे भिंगरीच म्हणतात, आणि फिल्मच्या सुरुवातीला मी जी अक्षरं गरगर फिरवत आणून एका ओळीत बसवली होती, तीही याच नावाची. आज तिचा आठवा वाढदिवस. संध्याकाळी पाचला मैत्रिणी जमायच्या होत्या आणि तिच्या जन्मापासूनच्या व्हिडिओंची मी केलेली फिल्म सगळ्यांना दाखवायची होती. काल डॉक्टरबाई ती एकट्याच लावून बघत होत्या, तर ही मागे येऊन उभी राहिली. पहिल्यांदा चालण्याचा भाग आला. वर्षाची भिंगरी आईचा हात सोडते, डुगडुगत चार पावलं टाकते, आणि समोरच्या लाकडी खुर्चीकडे बघत खदखदून हसते. "आई," आठ वर्षांच्या भिंगरीने विचारलं, "मी खुर्चीला बघून एवढी का हसतेय?" मग पोरीने रिमोट घेतला, मागे नेलं, पुन्हा बघितलं, पुन्हा मागे नेलं, आणि शेवटी टीव्हीजवळ जाऊन कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. सकाळी दप्तर पाठीवर टाकायच्या आधी पुन्हा एकदा तेवढाच भाग बघून शाळेत गेली.

"पाचच्या आत तेवढं काढून द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "होईल ना?"

"होईल," मी म्हणाले. फोन ठेवला तेव्हा चहावर साय धरली होती, ती मी बोटाने बाजूला केली आणि चहा तसाच ठेवून दिला.

माझं काम काय, हे माझ्या मावशीला अजून कळलेलं नाही. "घरी बसून कार्टून काढतेस ना?" असं ती दर भेटीत विचारते आणि मी हो म्हणते, कारण खरं सांगायला गेलं तर जेवण गार होतं. मी कॅमेरा खांद्याला लावून बाहेर जाते, शूटिंग करते, घरी येऊन ते जोडते, आणि जे कॅमेऱ्याने दिलं नाही ते संगणकावर तयार करून त्यात घालते. उडणारी अक्षरं, वाढणारे आलेख, कारखान्याच्या पोटातून फिरणारे बाण. कोणाची नोकर नाही, त्यामुळे सगळ्यांचीच नोकर. गिऱ्हाईक म्हणतं, "छान झालंय, पण अजून थोडं काहीतरी हवं." ते काहीतरी म्हणजे काय, हे त्याला माहीत नसतं आणि मला माहीत असावं अशी त्याची अपेक्षा असते. या सगळ्यात काढून टाकण्याचंही काम येतं. फ्रेममध्ये आलेली विजेची तार काढा, भिंतीवरचा डाग काढा, मालकांची ढेरी जरा आत घ्या. माणूस काढायला सांगणाऱ्या डॉक्टरबाई मात्र पहिल्याच. त्या आल्या तेव्हा अगदी शांत होत्या, दात काढायचाय असं पेशंटला समजावून सांगतात तशा. म्हणाल्या, "आम्ही वेगळे झालोय. भांडण नाही, काही नाही. पण वाढदिवसाला बारा पोरींसमोर त्याच्यावरून प्रश्न नकोत." मला ते पटलं. पटलं म्हणूनच काम घेतलं, हे सांगून ठेवते, नाहीतर नंतर मी मोठी शहाणी असल्याचा आव आणेन.

आणि गंमत अशी की ते शूटिंग मूळचं माझंच. सात वर्षांपूर्वी, नुकती या धंद्यात पडले होते तेव्हा, पहिल्या वाढदिवसाला त्यांनीच मला बोलावलं होतं. पोर त्याच दिवशी चालेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते, तो गुडघ्यांवर बसला, हात पसरले आणि म्हणाला, "ये." आवाज चढवला नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसतं ये. आणि ती आली. कॅमेरा माझ्या हातात थरथरला होता, तो थरथराट त्या चित्रात आजही आहे. म्हणजे त्याला टिपला मीच आणि पुसलाही मीच. पुसणं म्हणजे एका झटक्यात होत नाही ते. माणसाच्या कडेकडेने रेघ ओढायची, फ्रेम बदलली की माणूस केसभर हललेला असतो, मग रेघ केसभर सरकवायची, पुन्हा पुढची फ्रेम. एका सेकंदात पंचवीस. खांदा, कोपर, मनगट, प्रत्येक बोट वेगळं. आठवडाभर मी त्या माणसाच्या कडेने फिरत होते. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली असतो, पोरगी अडखळली की त्याची करंगळी आधी हलते आणि मग बाकीचा हात, श्वास रोखला की शर्टाचं दुसरं बटण आत जातं. त्याच्या आईलासुद्धा इतकं माहीत नसेल. भाजी घेताना पुढे चालत असला तरी मी त्याला पाठमोरा ओळखेन, आणि तो मला समोरासमोर ओळखणार नाही.

माणूस काढला की भोक पडतं. भोकात मागची भिंत भरायची, जमीन भरायची. ते जमलं. पण भिंत भरल्यावर भिंगरी कोणाकडेच चालत नव्हती, शून्याकडे बघून हसत होती. काहीतरी ठेवायला हवं होतं तिथे, आणि ते त्याच दिवसाचं, त्याच उजेडातलं हवं, नाहीतर उपरं दिसतं. सगळं शूटिंग धुंडाळलं तेव्हा एक लाकडी खुर्ची मिळाली. ती उचलून त्याच्या जागी ठेवली, खाली सावली दिली, आणि आपण काय हुशार म्हणून स्वतःची पाठ थोपटली. ती खुर्ची तिथे कशी आली होती, हे तेव्हा आठवलं नाही. आज फाईल उघडली तशी आठवलं. मी सकाळपासून उभी होते, पाय भरून आले होते, आणि घरात एवढी माणसं असताना लक्षात आलं ते एकट्या त्याच्या. आतल्या खोलीतून ती खुर्ची स्वतः उचलून आणून त्याने माझ्याशेजारी ठेवली होती. "तुम्ही पण बसा की जरा," म्हणाला होता. मी बसले नव्हते, पण खुर्ची तिथेच राहिली होती आणि नंतरच्या शूटिंगमध्ये आली होती. त्याने मला बसायला दिलेली खुर्ची मी त्याच्याच जागी नेऊन ठेवली होती.

आणि टीव्ही. दिवसभर मी दोन स्क्रीनसमोर बसते, डोळ्यांत तेल घालून एकेक फ्रेम बघते, आणि बंद स्क्रीन मला दिसलाच नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बंद टीव्ही म्हणजे आरसाच, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. खोलीत काच असेल, चकचकीत कपाट असेल, चमचासुद्धा असेल, तरी आधी तिकडे बघायचं असतं. मी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. काळ्या काचेत तो होता, बोटभर उंचीचा, जरा वाकडा, कडा विरघळलेल्या, पण हात पसरलेले. पोरगी हसत पुढे येते, आणि काचेतलं तिचं छोटं रूप त्याच्या छोट्या रूपापर्यंत पोचतं. खऱ्या खोलीत मी खुर्ची ठेवली होती, काचेतल्या खोलीत माझा हात पोचला नव्हता. हे चुकलं कसं? मी अशी चुकत नाही. हा गर्व नाही, माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, चुकणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा कोणी बोलवत नाही. मग नजर तिकडे गेली होती आणि मीच ती परत बोलावली, असं तर नव्हतं? मला खरंच आठवेना. आपल्याच डोक्यात कोणी भाडेकरू राहत असावा आणि तो आपल्याला न विचारता खिडक्या उघडत-मिटत असावा, तसं अस्वस्थ वाटायला लागलं.

काढायचं म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम. काळ्यावर काळं ओतायचं, त्याला खुर्चीइतकीही अक्कल लागत नाही. मी रेघ ओढायला घेतली. बाहेरच्या खोलीत आईचं मशीन चालू होतं, खडखड, थांब, खडखड, थांब. या आवाजात मी लहानाची मोठी झाले. शाळेत कविता पाठ केल्या त्या याच ठेक्यावर, आणि अजूनही मशीन थांबलं की माझं काम आपोआप थांबतं. आई कपडे शिवते. आता डोळे पूर्वीसारखे नाहीत, पण हात तसेच आहेत. ती कापायला बसली की मी लहानपणी समोर मांडी घालून बसायचे. कापडावर खडूची रेघ, रेघेवरून कात्री, आणि कात्रीचा तो ओला, कुरकुरीत आवाज. तिची कात्री रेघेच्या एक सूतही इकडेतिकडे जात नसे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिने डोळे मिटून कापलं तरी सरळ जाईल. आणि त्याच कात्रीने तिने एक फोटो कापला होता.

त्या फोटोत मी नऊ वर्षांची आहे. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, नवा फ्रॉक, तिनेच शिवलेला. उजवीकडे फोटो संपतो, सरळ, स्वच्छ, पट्टी लावून कापल्यासारखा. पण माझ्या खांद्यावर चार बोटं आहेत. नुसती बोटं. मनगट नाही, हात नाही, माणूस नाही. बाबा त्या वर्षी गेले. गेले म्हणजे वारले नाहीत, दुसरीकडे राहायला गेले, आधी दोन-तीन वेळा आले, मग येईनासे झाले. घरात भांडी आपटली नाहीत की कोणी रडलं नाही, एका दुपारी मी शाळेतून आले तर भिंतीवरचा फोटो लहान झाला होता. मी विचारलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला काय विचारू नये हे फार चांगलं कळतं. त्या बोटांचं मात्र मी मनाशी एक उत्तर करून टाकलं होतं. बोटं कापायची तर माझा खांदाही कापावा लागला असता, म्हणून आईचा नाइलाज झाला. तीस वर्षं हेच उत्तर धरून बसले. लग्न करायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण कोणी जवळ आलं की मला त्याची बोटंच आधी दिसायची, आणि मनगटापासून पुढचा माणूस कधी निघून जाईल याचा मी आधीच हिशेब करून ठेवायचे. दोघे तसे गेलेही. मग मी कॅमेऱ्यामागे उभी राहिले. तिथे बरं असतं. सगळे समोर आणि आपण कोणाच्याच फोटोत नाही.

रेघ पूर्ण झाली. आता एक कळ दाबली की काचेतला माणूस जाणार होता. बोट कळेवर ठेवून मी बसले आणि बोट दबेना. मला त्या पोरीचं बोट दिसत होतं, काचेवर ठेवलेलं. तिने शोधून काढलं होतं! कोणी सांगितलं नव्हतं. आपण कशाला हसलो होतो, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिने स्वतः, रिमोट मागे-पुढे करून, हुडकून काढलं होतं. आज संध्याकाळी ती पुन्हा बघेल, आणि तिथे नुसता काळोख असेल. मग तिला वाटेल, काल दिसलं ते खोटं होतं. एखाद्याचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडवणं हे माणूस काढण्यापेक्षा भयंकर. निदान माझ्या फोटोतली बोटं कोणी नंतर येऊन पुसली नव्हती.

मशीन थांबलं. आई ताट घेऊन आत आली. मी जेवायला उठत नाही हे तिला हाक न मारताच कळतं, आणि ताट टेबलावर आदळण्यातून तिचा राग मला कळतो.

"पोटात काही नाही आणि डोळे वटारून बसलीये. काय बघतेस एवढं?"

मी सांगितलं. दाखवलंही. आधी खुर्ची, मग काच. आईने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि स्क्रीनला नाक लावलं.

"हा होय? भला दिसतोय बिचारा." मग खुर्चीकडे बघून म्हणाली, "हे तू घातलंस? बेमालूम घातलंयस हो. शिवण दिसत नाही कुठे."

"तुझीच मुलगी," मी म्हणाले.

"म्हणजे तूही कापतेसच की! मला वाटायचं, जोडतेस."

तिने ते सहज म्हटलं, ताटातला भात सारखा करता करता. पण मला ते लागलं. आणि लागलं म्हणूनच असेल, तीस वर्षं तोंडात धरून ठेवलेला प्रश्न बाहेर पडला. "आई, त्या फोटोतली बोटं तुला कापता आली नाहीत ना? माझा खांदा मध्ये आला म्हणून?"

आईने भातावरचा हात काढून घेतला. कोणत्या फोटोतली, असं तिने विचारलं नाही.

"कापता आली नाहीत?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर दुखावलेला होता, कोणी तिच्या शिलाईला नावं ठेवल्यासारखा. "अगं, सुळसुळीत रेशमाला काज केलेत मी या हातांनी. चार बोटं मला कापता येणार नाहीत? अशी कडेकडेने काढली असती की तुझ्या फ्रॉकचा दोरासुद्धा दुखावला नसता. कापली नाहीत. ठेवली."

"का?"

"का म्हणजे काय? मला नको होते ते. तुला नको होते असं कुठे होतं?" तिने चष्मा परत कपाळावर चढवला. "तुझं त्यांच्याशी भांडण नव्हतं. तुझ्या खांद्यावरचा हात मी कोण काढणार? जेव आता, गार होतंय."

ती गेली आणि मशीन सुरू झालं, पण पहिल्या दोन-चार टाक्यांचा ठेका चुकला होता, मला ऐकू आला. मी जेवले. रडतही होते, जेवतही होते, आणि भूकही चांगली लागली होती, हे तिन्ही एकदम चालू होतं. नाइलाज आणि ठेवणं, यात केवढं अंतर आहे! त्याच चार बोटांकडे मी इतकी वर्षं कात्रीची चूक म्हणून बघत आले, आणि ती कोणीतरी कात्री आवरून, जपून, माझ्यासाठी मागे ठेवलेली होती. खांद्यावर हात होता. सगळा वेळ होता. उष्टा हातसुद्धा न धुता मी डॉक्टरबाईंना फोन लावला.

"झालं का?" मागे त्यांच्या दवाखान्यातलं यंत्र गुरगुरत होतं.

"रेघ ओढून झालीये, कळ दाबली की जाईल. तुम्ही म्हणालात की दाबते. फिल्म तुमची आहे, मुलगी तुमची आहे. पण ती पुन्हा विचारेल, खुर्चीला बघून का हसतेय. आणि या वेळी तिला काहीच सापडणार नाही."

"ते माझं मी बघीन." आवाजाला धार होती. मग यंत्र थांबलं. "एक सांगा, तुम्ही हे विसरलात की मुद्दाम ठेवलंत?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. "चूक माझीच," मी म्हणाले. "विसरले असंच धरा. पण विसरले ते बरं झालं असं सकाळपासून वाटतंय, आणि ते तुमच्यापासून लपवून पुसणं मला जमत नाहीये. माझ्या एका फोटोत माझ्या खांद्यावर चार बोटं आहेत, डॉक्टर. नुसती बोटं. मला आजच कळलं की ती आईने ठेवली होती."

"पेशंट तोंड उघडून बसलाय," त्या म्हणाल्या, आणि फोन कटला. झालं, मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक गिऱ्हाईक गेलं, आणि दातांची डॉक्टर म्हणजे गावभर तोंडं तिच्या हातात. पण हे वाटलं ते वरवर. आत कुठेतरी हलकं झालं होतं. मी खिडकी उघडली. समोरच्या इमारतीवर कोणी गाद्या वाळत घातल्या होत्या आणि एक माणूस एकीवर आडवा होऊन पेपर वाचत होता. त्याला कोणी फ्रेममधून काढणार नव्हतं. मी खुर्चीत परत येऊन बसले, कळ न दाबता, आणि अक्षरांचं राहिलेलं काम काढलं. भिंगरीच्या शेवटच्या अक्षराची वेलांटी जरा उशिरा यायची, ती वेळेवर आणली.

फोन पुन्हा आला तेव्हा मागे यंत्र नव्हतं, घर होतं. लांबून गाणं, भांडं, पोरीचं काहीतरी एकटीचं बोलणं.

"शाळेतून आली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दप्तर टाकलं आणि आधी ते लावलं. मी दारातून बघत होते. त्या बंद टीव्हीकडे बघून हात हलवत होती. मला बघितल्यावर हात खाली केला." त्यांनी श्वास घेतला. "हात खाली केला हो तिने. चोरी केल्यासारखा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग मी पण बसले तिच्याजवळ. पुन्हा लावायला लावलं. त्यात मी पण आहे ना, मागे, तिला सोडते ती. ती एक वर्षाची होती, तिचं काय! मी चांगली घोडी होते, मी पण खुर्चीला बघून हसतेय. इतकी, की माझ्या डोळ्यांत पाणी आलंय. खुर्चीला बघून! कसं दिसतं ते?"

"चांगलं नाही दिसत," मी म्हणाले.

"मूळचं आहे तुमच्याकडे? की गेलं?"

"आहे. मी मूळ कधी टाकत नाही."

"मग खुर्ची काढा."

मला कळलं होतं, तरी मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! खुर्ची काढा. बारा पोरी आल्या तर येऊ देत, विचारलं कोणी तर भिंगरी सांगेल, तिचा बाबा आहे म्हणून. आहेच की. पाचच्या आत होईल ना?"

"आत्ता होईल," मी म्हणाले.

आणि तसं ते झालं. आठवडाभराचं काम संगणकात एकावर एक पदर घालून ठेवलेलं असतं. सगळ्यात खाली मूळ चित्र, त्याच्यावर भिंत, त्याच्यावर जमीन, सावली, खुर्ची. प्रत्येक पदराशेजारी डोळ्याचं एक छोटं चित्र असतं, त्यावर टिचकी मारली की तो पदर मिटतो. मी एकेक डोळा मिटला. खुर्ची गेली. सावली गेली, जमीन गेली, भिंत गेली, आणि तो तिथेच होता, गुडघ्यांवर, डावा खांदा जरा खाली, हात पसरून. कुठून परत आणावा लागला नाही. मी त्याच्या डोक्यावर भिंत बांधली होती तेव्हाही तो खाली तसाच ये म्हणत बसला होता. भिंगरीने आईचा हात सोडला, पहिलं पाऊल, दुसरं, अडखळली, त्याची करंगळी हलली, आणि ती हसत हसत जाऊन त्याच्या छातीवर आदळली. तेव्हा माझा हात थरथरला होता, तिथे चित्र थरथरलं.

मशीन थांबलं होतं ते माझ्या लक्षात आलं नाही. आई दारात उभी होती.

"आठवडाभर डोळे फोडलेस आणि एका टिचकीत परत?" ती म्हणाली. "मग एवढं कशाला केलंस?"

"खाली होताच तो," मी म्हणाले. फिल्म पाठवून दिली. ती पोचल्याची खूण येईपर्यंत वाट बघितली, आणि मग खुर्ची फिरवून आईकडे तोंड केलं. "माझ्याकडे मूळ होतं म्हणून जमलं. आपल्याकडे नाही ना."

"काय नाही?"

"मूळ. तू कापलंस ना. तो बाकीचा तुकडा."

आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते. "शिवणारी बाई कात्रण टाकते का कधी?" ती म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मशीनच्या खाली, तिच्या पायाशी, कात्रणांचं एक गाठोडं कायम असतं. बाहुल्यांच्या कपड्यांसाठी मी त्यात हात घातला आहे, त्याला टेकून अभ्यास केला आहे, तापात त्याच्यावर डोकं ठेवून झोपले आहे. तळापर्यंत मात्र कधी गेले नाही, वरवरच मनासारखं काहीतरी सापडायचं.

"सांगितलं नाहीस ते कधी!"

"तू विचारलंस कधी?" ती म्हणाली. ती बाहेरच्या खोलीत गेली, मी मागोमाग गेले. तिने गुडघ्यावर हात टेकत बैठक मारली, गाठोडं ओढून पुढ्यात घेतलं. उन्हाचा एक पट्टा खिडकीतून येऊन तिच्या हातांवर पडला होता. वरची गाठ वर्षानुवर्षं ओढून ओढून गोटीसारखी झाली होती. तिची बोटं त्यात शिरेनात, नखं निसटत होती, चष्मा पुन्हा पुन्हा खाली घसरत होता. कात्री शेजारीच, मशीनच्या फळीवर पडली होती. मी ती उचलली.

"कात्री देऊ?" मी विचारलं.

"नको," आई म्हणाली. "सुटेल."